कोणाच्या कपाटातले पुस्तक?

आमच्या महाविद्यालयात दर वर्षी नवी मुले येतात आणि पहिल्या पंधरवड्यातच कोणी तरी विचारते, "मॅडम, वाचायला काय घेऊ?" गेल्या वर्षी हाच प्रश्न एका मुलाने विचारला, पण दोन अटी घालून. "कथा-कादंबऱ्या नकोत. आणि द्यायच्याच असतील तर आपल्या लोकांच्या द्या."

मुलगा नायगावचा. वडील महापालिकेच्या सफाई खात्यात. स्वतः वस्तीतल्या विहारात लहान मुलांचा अभ्यास घेणारा, आणि सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलमागे रात्रभर उभा राहणारा. म्हणजे वाचनाचे त्याला वावडे नव्हते. बाबासाहेबांची भाषणे त्याने वाचली होती, दोन-तीन आत्मकथनेही वाचली होती. पण गोष्टी हा रिकामटेकड्यांचा उद्योग आणि दुसऱ्यांच्या गोष्टी हा तर फसवणुकीचा उद्योग, अशी त्याची पक्की समजूत होती.

त्याच्या अटींमागे राग होता, आणि तो राग मला परका नाही. मी चौदा वर्षांची असताना वडिलांनी घरखर्चातून अनामत रक्कम काढून मला एका वाचनालयाचे सभासद केले. काउंटरवरच्या बाईंनी माझा पत्ता वाचला : बी.डी.डी. चाळ, इमारत अमुक, खोली अमुक. मग मी मागितलेली कादंबरी बाजूला ठेवून त्यांनी मुलांच्या गोष्टींचे पुस्तक पुढे सरकवले. "हे तुला झेपायचं नाही," त्या म्हणाल्या. कदाचित त्या माझ्या वयाकडे पाहून बोलल्या असतील. पण त्यांनी आधी पत्ता वाचला होता, हे मी विसरू शकलेले नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर झालेले नव्हते. पुस्तकाच्या जगात कोणाचे बोट धरून जायचे हेही ठाऊक नव्हते. जे बोट पहिल्यांदा पुढे आले ते असे अडवणारे होते.

म्हणून त्या मुलाला मी त्या दिवशी यादी दिली नाही. यादी देणे सोपे असते. या शहरात कोणी कोणाला कोणते पुस्तक द्यावे याला एक इतिहास आहे, आणि तो गिरगाव, परळ, दादर या तीन मुक्कामांत बराचसा घडलेला आहे. तो समजून घेतल्याशिवाय 'अभिरुची विस्तारणे' या शब्दांना आपल्या दृष्टीने अर्थ येत नाही, असे मला वाटते. अभिरुची आकाशातून पडत नाही. ती कपाटातून येते, आणि कपाट कोणत्या वस्तीत ठेवलेले आहे यावर ते कोणासाठी उघडेल हे पुष्कळ अंशी ठरते.

०

मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झाले. मराठी वाचकाला मराठी पुस्तक मिळाले पाहिजे, हा त्यामागचा विचार त्या काळात मोठाच होता. गिरगावच्या वाड्यांतून प्रकाशक उभे राहिले. केशव भिकाजी ढवळे यांचे दुकान, पुढच्या काळात खटाववाडीतले 'मौज' आणि तेथून निघणारे 'सत्यकथा' मासिक. मराठी कथा काय असते आणि चांगला वाचक कोणाला म्हणावे, हे ठरवण्याचे काम बराच काळ या काही गल्ल्यांनी केले. १८९० पासून 'करमणूक'मधून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' प्रसिद्ध होऊ लागली. एका विधवेच्या तोंडून सांगितलेली ती कहाणी वाचून पांढरपेशा घराला आपल्याच माजघरातला अंधार दिसला. त्या कादंबरीचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्या कपाटापुढे बसलेला वाचक कसा कल्पिलेला होता? कचेरीतून परतणारा कारकून, वकील, शिक्षक, दुपारचे काम आटोपून पुस्तक उघडणारी गृहिणी. ज्याला वेळ आहे, कोपरा आहे आणि दिवा आहे, असा.

परळमध्ये हे तिन्ही नव्हते. गिरणीच्या पाळ्या होत्या, एकेका खोलीत दहा-दहा माणसे होती, झोपायला जिन्याखालची जागा होती. त्याच परळमध्ये रामजी सुभेदार आपल्या मुलाला पहाटे दोन वाजता अभ्यासाला उठवत, कारण तेवढ्याच वेळी एका खोलीत शांतता असे. पैसे नसले की लग्न झालेल्या लेकींकडून उसने आणत किंवा त्यांचा दागिना गहाण टाकत, पण भीमरावाला हवे ते पुस्तक आणून देत. अभिरुचीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या गहाण दागिन्याची नोंद करायला हवी.

गिरणीच्या आतही एक भिंत होती. विणकामाच्या साचेखात्यात मजुरी अधिक मिळे, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्याने कसा लावायचा, हे कारण. आपली माणसे रिंगखात्यात. माझे आजोबाही रिंगखात्यातच लागले. तोवर काळ पुढे गेला होता, पण ओळखीपाळखीने मिळणारी कामे जुन्याच वाटेने जात होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा तो मागण्यांत घ्यायला ते नाखुशीनेच तयार झाले. पुढच्याच दशकात मामा वरेरकरांची 'धावता धोटा' ही गिरणी कामगारांवरची कादंबरी आली. मी विद्यार्थ्यांना ती वाचायला सांगते आणि सोबत एवढेच सांगते की जो धोटा या कादंबरीच्या नावात धावतो त्याला माझ्या आजोबांच्या आधीच्या पिढीला हात लावता येत नव्हता. हे ठाऊक असलेला वाचक आणि नसलेला वाचक एकच कादंबरी वाचत नाहीत. आपण दुसऱ्यांची पुस्तके का वाचायची, याचे माझे पहिले उत्तर हेच आहे. आपण वाचल्याशिवाय ती पुस्तके पुरती वाचली जात नाहीत.

०

पण गिरगाव आणि परळ यांच्यात नुसती भिंतच होती असे म्हणणे खोटे ठरेल. एक दारही होते. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणाऱ्या भीमरावाकडे विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांचे लक्ष गेले. पत्ता न वाचता, हातातले पुस्तक पाहून त्यांनी विचारपूस केली. पुढे शालेय परीक्षेतील यशाबद्दल झालेल्या सत्काराच्या वेळी केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या एका भेटीचे पुढे काय झाले ते मी या पानांवर सांगायला नको.

मात्र या प्रसंगाचा अर्धाच भाग आपण सांगतो. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी त्याआधीचेही सांगितले आहे. घरी वडील रामायण-महाभारत वाचून घेत. मुलाने विचारले, जे ग्रंथ आपल्याला खाली ढकलतात ते आपण का वाचायचे? वडिलांचे उत्तर असे की आपल्या मुलांच्या मनात न्यूनगंड येऊ नये म्हणून. द्रोण आणि कर्ण लहान माणसे होती, ती कुठे चढली ते पाहा. मुलाला हे पटले नाही. त्याला त्यातली भली-भली पात्रेही आवडली नाहीत आणि तसे त्याने वडिलांना सांगितले. पण वाचले सगळे. आणि प्रस्तावनेत ते म्हणतात, त्याचा आशय असा, की मी बुद्धाकडे गेलो तो रिकाम्या मनाने गेलो नाही. आधीचे वाचलेले होते, म्हणून तुलना करता आली.

अभिरुची विस्तारणे म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही. जे दिले ते गोड मानून घेणे म्हणजे विस्तार नव्हे, आणि न वाचता नाकारणे म्हणजेही नव्हे. एकाशेजारी दुसरे ठेवून निवडता येणे म्हणजे विस्तार. शाळेत ज्यांना संस्कृत शिकू दिले नाही त्यांनीच पुढे स्वतः संस्कृत शिकून त्या ग्रंथांची झडती घेतली. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, तीही न वाचता जाळली गेलेली नाही. दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह तर ग्रंथांसाठीच बांधलेले घर. त्या घरात फक्त 'आपली' पुस्तके ठेवायची असती तर एक फळी पुरली असती.

०

परळने स्वतःचे कपाटही उभे केले. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या पाठोपाठ वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग येतात. पाण्याचा प्रश्न पेटलेला असताना, नोकऱ्यांचा प्रश्न तसाच असताना त्या माणसांनी वाचनालय हे चैनीत धरले नाही. १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. सकाळच्या वर्गांमुळे नोकरी सांभाळून शिकणे शक्य झाले. ज्यांच्या घरात कोपरा नव्हता त्यांना ग्रंथालयातले टेबल मिळाले.

याच्या शेजारी आणखी एक कपाट होते, ज्याचा उल्लेख प्राध्यापक मंडळी टाळतात. लालबाग-परळच्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांतून बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा घरोघर जात. हजारांहून अधिक पुस्तके लिहिलेला हा लेखक. झुंझार, काळापहाड, धनंजय ही नावे गिरणगावात पुढाऱ्यांइतकी ठाऊक होती. माझ्या आजोबांना अक्षरओळख रात्रशाळेत झाली, पण वाचनाची सवय लागली ती काळापहाडामुळे. पुढे काय झाले हे कळल्याशिवाय पान खाली ठेववत नाही, ही भूक त्या पुस्तकांनी लावली. मी कोणालाही रहस्यकथेवरून हिणवत नाही. एवढेच म्हणते की पहिल्या पायरीवर घर बांधू नये.

आजोबांच्या हातात दुसऱ्या पायरीचे पुस्तक आले ते अण्णाभाऊ साठे यांचे. शाळेत दीड दिवस गेलेला, वाटेगावहून मुंबईला आलेला, दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत अक्षरे पक्की केलेला हा माणूस. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. 'फकिरा' १९५९ मध्ये आली, ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. त्याच्या आदल्याच वर्षी, २ मार्च १९५८ रोजी, दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले. गिरगाव ज्याला साहित्य म्हणत होते त्याच्या शेजारी एक नवी फळी ठोकली गेली. पाच वर्षांनी, १९६३ मध्ये, माटुंगा लेबर कॅम्पात वाढलेल्या बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला आणि १९६९ मध्ये 'मरण स्वस्त होत आहे'. मराठी कथेची भाषा त्यानंतर पूर्वीसारखी राहिली नाही.

१९६९ सालीच खटाववाडीत 'सत्यकथे'च्या अंकाची होळी झाली. लघुनियतकालिकांच्या त्या तरुणांत राजा ढाले होते. पुढे १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या दलित पँथरच्या आघाडीच्या नेत्यांपैकी ते एक. ही होळी आपण अभिमानाने आठवतो. पण 'सत्यकथेची सत्यकथा' हा लेख लिहिणाऱ्या ढाल्यांनी ते मासिक किती बारकाईने वाचलेले होते, हे कोणी आठवत नाही. 'त्यांचे वाचू नका' हा त्या पिढीचा वारसा नाही.

०

आता आपल्याच फळीकडे वळते. इथे मला अधिक स्पष्ट बोलायचे आहे, कारण हे आपापसातले बोलणे आहे.

१९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले आणि त्यानंतर आत्मकथनांची मोठी लाट आली. तिने मराठी समाजाला हलवले, हे खरे. पण आज महाविद्यालयात 'दलित साहित्य' म्हटले की मुलांना आत्मकथन आणि कविता एवढेच आठवते. कथा-कादंबरी मागे पडली. याचे एक कारण असे की प्रस्थापित वाचकाला आपल्याकडून साक्ष हवी असते. तुझे काय झाले ते सांग, म्हणजे आम्ही हळहळू. दुसरे कारण आपल्यात आहे. साक्षीपुरावा खरा आणि कल्पिलेले ते खोटे, असे आपणही मानू लागलो.

पण कल्पित कथा अशी एक गोष्ट करते जी आत्मकथनाला अवघड जाते. अण्णाभाऊंची 'स्मशानातील सोनं' घ्या. वारणेकाठचा भीमा मुंबईत येतो, खाणीत काम करतो, खाण बंद पडते. मग तो मढी उकरून त्यांच्या अंगावरचे सोने काढू लागतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात, ती गमवावी लागतात, आणि खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते तेव्हा त्याच्याकडे पहार धरणारा हात उरलेला नसतो. भीमा चांगला की वाईट? अण्णाभाऊ उत्तर देत नाहीत. ते आपल्याला त्या स्मशानात कोल्ह्यांशी झुंजायला उभे करतात. दुःखाची दखल घ्या असे ही कथा म्हणत नाही. भुकेपुढे नीतीचे काय होते, ते पाहा म्हणते. आत्मकथनात स्वतःच्या बापाला असा उभा करणे किती जणांना जमेल?

आणि इथेच एक अवघड प्रश्न. आपल्या किती बुद्धविहारांच्या कपाटात 'फकिरा' आहे? अण्णाभाऊंचे छायाचित्र मिरवणुकीत असते, १ ऑगस्टला हार असतो. पण ते 'मातंग समाजाचे लेखक' म्हणून त्यांच्या वस्तीपुरते ठेवायचे आणि बागुल आपले, असा कप्पा आपण केलेला नाही काय? बाईने लिहिलेल्या कथेचे काय? उर्मिला पवार यांचा 'सहावं बोट' १९८८ मध्ये आला. त्यांच्या 'कवच' कथेत आंबे विकायला निघालेली आई आणि तिच्यासोबत चाललेला शाळकरी मुलगा आहे; बाजारातल्या पुरुषांची घाणेरडी थट्टा त्या मुलाच्या कानावर पडते आणि आई ती कशी परतवते ते तो पाहतो. मी ही कथा वर्गात वाचते तेव्हा मुली वर पाहतात आणि मुलगे खाली. खाली पाहणाऱ्यांत आपल्या वस्तीतले मुलगेही असतात. अत्याचार फक्त बाहेरून होतो अशी सोयीची समजूत ती कथा टिकू देत नाही. आपली फळी आपल्यालाही प्रश्न विचारणारी हवी, नाही तर ती देव्हारा होईल.

०

म्हणून आता त्या मुलाला, आणि तुम्हालाही, जे सुचवते ते असे. घरापासून निघावे. आधी 'फकिरा', मग बागुलांचे दोन संग्रह, मग शंकरराव खरातांच्या गावकुसाबाहेरच्या कथा, मग उर्मिला पवार. हे वाचून झाले की गिरगावच्या बाजूला जावे, आणि ताठ मानेने जावे. 'पण लक्षात कोण घेतो?' वाचताना वाड्याच्या आतल्या बाईचे दुःख समजून घ्या, आणि त्या वाड्याचे अंगण कोण झाडत असेल हा प्रश्नही सोडू नका. विभावरी शिरूरकरांची १९५० ची 'बळी' वाचा. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या, 'गुन्हेगार' म्हणून शिक्का मारलेल्या जमातींची वसाहत एका उच्चवर्णीय लेखिकेने आतून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. तिला काय दिसले आणि काय दिसू शकले नाही, यावर तुमच्या अभ्यासवर्गात एक संध्याकाळ सहज जाईल. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचा. धनगरांच्या वाडीत आलेल्या कोवळ्या शिक्षकाची ती गोष्ट खेड्यात नोकरीला गेलेल्या आपल्या शिक्षकांना नक्की काही सांगेल. भाऊ पाध्यांची १९६५ ची 'वासूनाका' वाचा. तिच्यावर अश्लीलतेचा केवढा गहजब झाला, आचार्य अत्र्यांसारख्यांनी तिला कसे झोडपले, हेही पाहा. 'सुसंस्कृत' भाषा म्हणजे कोणाची भाषा, हे कळायला तो वाद उपयोगी पडतो.

मग आपल्या काळाकडे या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव उद्ध्वस्त झाले. माझे वडील बदली कामगार होते. संपानंतर ते इमारतीचे पहारेकरी झाले. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागेवर मॉल उभा राहिला. जयंत पवारांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या संग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तो संग्रह मी वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी पुरस्काराबद्दल काही विचारले नाही. "यानं गिरणी पाहिलेली दिसते," एवढेच म्हणाले. त्यांच्या तोंडून कोणत्याही पुस्तकाला याहून मोठी पावती मी ऐकलेली नाही.

आणि मराठीच्या बाहेर. प्रेमचंदांच्या 'सद्गती' आणि 'कफन' या दोन कथा एकापाठोपाठ वाचा. पहिली वाचून लेखकाचा हात हातात घ्यावासा वाटेल, दुसरी वाचून त्याच्याशी भांडावेसे वाटेल, आणि हिंदीतल्या दलित लेखकांनी ते भांडण केलेही आहे. जोसेफ मॅकवान यांची १९८६ ची गुजराती कादंबरी 'आंगळियात' विणकर समाजाची. धोटा आपल्या हातात असलेल्यांची. अमेरिकेतल्या ज्या लढ्यावरून पँथरने नाव घेतले त्या लोकांच्या कादंबऱ्याही आपल्या घरातल्या समजाव्यात : रिचर्ड राइट यांची १९४० ची 'नेटिव्ह सन', टोनी मॉरिसन यांची १९८७ ची 'बिलव्हेड'. गुलामगिरीत परत जाऊ नये म्हणून पोटच्या लेकीला मारणाऱ्या आईची ती कादंबरी. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. त्या अर्पणाला आपण अजून पुरते उत्तर दिलेले नाही. निदान त्यांच्या कथा वाचाव्यात.

०

त्या मुलाला मी शेवटी एकच पुस्तक दिले. तकळी शिवशंकर पिळ्ळे यांच्या १९४७ च्या मल्याळम कादंबरीचा, 'तोट्टियुडे मकन'चा इंग्रजी अनुवाद. नावाचा अर्थ, भंग्याचा मुलगा. आलप्पुळा शहरातल्या सफाई कामगारांच्या तीन पिढ्यांची ती गोष्ट आहे. मधल्या पिढीचा बाप, चुडलमुत्तू, आपला मुलगा या कामात येऊ नये म्हणून पै पै जमवतो, आणि त्यासाठी आपल्याच सोबत्यांच्या संघटनेशी दगा करतो. एवढे करून मुलगा त्याच कामावर येतो. मात्र तो बापाच्या वाटेने जात नाही.

पुस्तक त्याने महिनाभर ठेवले. इंग्रजी अडत होते, शब्दकोश घेऊन बसत होता. परत द्यायला आला तेव्हा रागावलेला होता. "मॅडम, माझे वडील असे नाहीत. युनियनशी त्यांनी कधी गद्दारी केली नाही." मी म्हटले, मी तसे म्हटलेलेच नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण मला शिकवायला त्यांनी काय काय केलं असेल, ते मी कधी विचारलं नव्हतं." पुढे तो काही बोलला नाही आणि मीही विचारले नाही.

यंदा सहा डिसेंबरला तो स्टॉलवर होता. बाबासाहेबांच्या खंडांच्या बाजूला त्याने एक छोटी फळी लावली होती. 'फकिरा', बागुल, उर्मिला पवार, आणि टोकाला 'बनगरवाडी'. कोणी तरी त्याला हटकले, "हे इथं कशाला?" तो म्हणाला, "वाचून बघा, मग भांडू." दिवसभरात त्यातली किती पुस्तके विकली गेली ते मी विचारले नाही. पण संध्याकाळी तिथून निघताना पाहिले, की एक बाई मुलीला कडेवर घेऊन उभ्या होत्या आणि 'सहावं बोट'ची पाने उलटत होत्या. त्यांना कोणी पत्ता विचारला नव्हता.

तुमच्या विहारात, वसतिगृहात, शाखेत एक कपाट असेलच. त्यात काय आहे ते एकदा पाहून घ्या. आणि त्यात काय नाही, तेही.